फळ्यावरची नववी ओळ

"पाय सरळ धर ना ताई, लाकूड झालंय नुसतं!"

फाटकने पाय सरळ केला. गुडघा कट्कन वाजला. समोर फरशीवर बसलेली तिची धाकटी बहीण, म्हणजे फुटबॉल क्लबची कॅप्टन, दातांनी चिकटपट्टी तोडून गुडघ्याला गुंडाळत होती.

फाटक हे काही तिचं खरं नाव नव्हे. सतरा वर्षांपूर्वी पहिल्याच मॅचला तिने सहा गोल खाल्ले आणि सगळ्या तिला फाटक म्हणायला लागल्या. पुढे ते फाटक असं बंद झालं की मुंगी आत शिरेना, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वय अडतीस. पहाटेपासून कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री मारून ती तशीच इकडे आली होती. डोळे मिटले तरी वाफ दिसत होती.

कपडे बदलायची खोली म्हणजे स्टँडखालचं गोदाम. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर क्लबचा इतिहास. वर्षाला एक ओळ, पांढऱ्या ऑइलपेंटने. बत्तीस ओळी. सात वेळा लीग जिंकली, चार वेळा करंडक, एका वर्षी तर सलग एकोणीस मॅच हार नाही.

"पुढची ओळ लिहायला जागा कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"आज हरलो तर लागणारच नाही," कॅप्टन म्हणाली.

आज हरलं की लीगमधून बाहेर, आणि लीगमधून बाहेर म्हणजे मैदान नगरपालिकेच्या घशात. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती त्यांना. निदान बरोबरी झाली तरी क्लब वाचत होता.

राखीव गोलकीपर, कॉलेजमधली नवी पोर, हातमोजे चढवत फळा वाचत होती. "नवव्या वर्षी 'उपांत्य फेरीत हार'? हरलेलं कोण मिरवतं?"

"समोरच्यांना एक कमी पडत होती," फाटक म्हणाली. "आपल्या कोच बाई तेव्हा कॅप्टन. स्वतःच गेल्या त्यांच्याकडून खेळायला. आणि आपल्यावरच गोल मारून आल्या."

"येडचाप!"

"हळू बोल. त्यांच्या लेखी तीच सगळ्यात भारी ओळ आहे."

तेवढ्यात बाईच दारात आल्या. साठी उलटलेल्या, गळ्यात शिट्टी, चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा. सगळ्यांवरून फिरत त्यांची नजर फाटकवर थांबली.

"जरा बाहेर ये."

जिन्याखाली दोघींचं बोलणं झालं.

"आज नको ना, बाई."

"आजच."

"गुडघा बघा माझा. दमलेय हो मी."

"मी बत्तीस वर्षं दमलेय." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जीव तोडून खेळायचं. अर्धंमुर्धं चालणार नाही. कळलं?"

फाटकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचाच राग आला म्हणून तिने भिंतीला लाथ घातली, तीही दुखऱ्या पायाने. मग नेहमीची हिरवी जर्सी चढवली आणि गोलात जाऊन उभी राहिली.

पहिल्या हाफमध्ये पार त्या टोकाला गोंधळ झाला, धक्काबुक्की झाली आणि गोल झाला. एक-शून्य. फाटकने टाळीसुद्धा वाजवली नाही. आता एवढंच टिकवायचं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल तिच्याकडून हलेचना. एक हाताने, एक छातीवर, एक तर चक्क तोंडावर अडवला. ओठ फुटला. एरवी शिव्या घालून मैदान डोक्यावर घेणाऱ्या बाई आज रेषेबाहेर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

शेवटची दोन मिनिटं राहिली आणि कुणाच्या तरी हाताला बॉल लागला. पेनल्टी.

बॉल ठिपक्यावर ठेवला गेला. फाटक रेषेवर उभी राहिली. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे ना. गेला तर गेला. बरोबरीच होईल, क्लब वाचेल, कशाला हाडं मोडून घ्यायची? कोण विचारतंय?

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली होती.

शिट्टी वाजली. फाटक विचार न करता खालच्या कोपऱ्यात झेपावली. बॉल बोटांना लागला, खांबावर आदळला आणि बाहेर गेला. लगेच शेवटची शिट्टी झाली.

ती मातीत पालथी पडून राहिली. निळ्या जर्सीतल्या सगळ्याजणी किंचाळत धावत आल्या आणि त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. त्यांची गोलकीपर आज आलीच नव्हती; त्यांतल्या एकीचंही नाव फाटकला माहीत नव्हतं.

ठिपक्यावर बसलेल्या कॅप्टनने वर पाहिलं. "ताई, मी कायम त्याच कोपऱ्यात मारते, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं गं?"