चकची चावी

मरोळच्या कारखान्यात बर्नार्डने चाळीस वर्षं लेथ मशीन चालवलं, पोरापोरींना शिकवलं. आता कायदा आला: शिकाऊ उमेदवार ठेवायचे तर शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वारी परीक्षेला उभी राहिली.

लोखंडी तुकडा लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, चावीने आवळून त्याने कातला. जॉब असा उतरला की मापात केसाचाही फरक नाही. तरी परीक्षक बाईंनी कागदावर 'नापास' लिहिलं.

"मॅडम, सोडून द्या ना! केवढा जुना हात आहे त्यांचा," कारखान्याचा मालक कळवळला.

"जॉब सोडवून घेतला, पण चावी चकमध्येच राहिली. कोणी मशीन सुरू केलं असतं तर ती उडून डोकं फुटलं असतं. पुढच्या महिन्यात या."

बर्नार्डने बाहेर येऊन घरी बायकोला फोन लावला.

"पास ना?" पेट्रिशियाने विचारलं.

"नापास. चकमध्ये चावी विसरलो."

"एवढ्यासाठी? कोण रे तो खडूस परीक्षक?"

"अगं, आपली गंधाली! माझ्याकडे शिकायला आली त्या पहिल्याच दिवशी चावी विसरली म्हणून मी रडवून घरी पाठवली होती, तीच." बर्नार्डला हसू आवरेना. "ऐक, येताना केक घेऊन येतो."