शेवटच्या पानावरचे अकरा शब्द

"बाई, तुम्ही कधी खोटा शब्द लावून जिंकलात का?"

मागच्या बाकावरच्या चौघींनी पैज लावली होती: विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं वाहा. आणि टकळीशी पैज लावायची म्हणजे माकडाला झाड दाखवायचं. सकाळी उघडलेलं तिचं तोंड झोपेतच मिटायचं, म्हणून तर नाव टकळी.

इंग्रजी शब्दखेळाच्या बाईंनी फळा पुसणं थांबवलं नाही. "दोनदा," त्या म्हणाल्या.

चौघी फिसकन हसल्या.

"हसू नका. पटावर अक्षरांचे ठोकळे मांडले की पंच स्वतःहून बोलत नाही. समोरच्यानं हरकत घेतली तरच मान्य शब्दांची यादी उघडायची. शब्द यादीत नसला तर उचला आणि पाळी गमवा. असला, तर हरकत घेणाऱ्याची पाळी गेली. म्हणून हरकत घ्यायला छाती लागते." बाई वळल्या. "पण शब्द खोटा आहे, हे लावणाऱ्याला ठाऊक हवं. नाहीतर तो डाव नव्हे, तोंडघशी पडणं."

टकळी खाली बसली. चक्क गप्प. मधल्या सुट्टीत चौघी डबे उघडून वाट बघत राहिल्या, आणि ही बया बाबांनी दिलेली शब्दांची वही काखेत मारून वाचनालयात.

अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता. जिंकणारीला दूरच्या शहरातल्या निवासी शाळेत दोन वर्षांची जागा मिळणार होती. टकळीला ती जागा हवी म्हणजे हवीच होती. इतकी, की ती भाजीत मीठ कमी पडलं तरी "तिकडे असं नसेल" म्हणायची.

"नको गं इतक्या लांब," आई रोज म्हणायची. "तिथे ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार?"

"अगं, पंख फुटलेत तिला. जाऊ दे की," बाबा म्हणायचे. "फक्त माझी मुद्रितं मोठ्यानं कोण वाचून दाखवणार, तेवढं सांगून जा पिल्लू."

बाबा छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची कच्ची पानं, तपासायचे. औषधाच्या खोक्यावरचं जास्तीचं टिंबसुद्धा त्यांना खड्यासारखं टोचायचं. बावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक चूक सुटली नव्हती. टकळीसाठी त्यांनी अनवट इंग्रजी शब्दांची वही केली होती, निळ्या शाईत, अर्थासकट. कूम: डोंगराच्या कुशीतला खळगा, इंग्रजीत लिहिताना औषधालाही स्वर नाही. झॅक्स: छपराच्या पाट्या तासायचं हत्यार. झर्फ: बिनकानाचा गरम कप धरायची धातूची बैठक.

शेवटचं पान त्यांनी याच महिन्यात भरलं. अकरा शब्द. "हे हुकमी एक्के," ते म्हणाले. "अंतिम सामन्यासाठी राखून ठेव." क्वेझिक: धक्क्याला बांधलेली, कधीच न सुटणारी होडी. व्हॉर्न्झ: पंख असून न उडणारा पक्षी.

वाचनालयात गेली त्या दिवशी शाळेतून येऊन टकळी मुकाट जेवली.

"टकळी बंद कशी आज?" आईनं विचारलं.

"पाठांतर चाललंय," ती म्हणाली. बाबांनी मायेनं तिच्या पानात आणखी भात वाढला.

सामन्याच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही. टकळी बाई आणि चौघींबरोबर गेली. समोर मागच्या वर्षीची विजेती बसली होती. डोळ्याची पापणी न लवणारी. चौघींनी तिचं नाव ठेवलं होतं बर्फाची लादी.

टकळीनं चौथ्याच पाळीत झर्फ लावला. लादीनं ओठ वाकडे करून हात वर केला. "हरकत." पंचांनी यादी उघडली. शब्द होता. लादीची पाळी गेली आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तरी ती लादीच. हळूहळू पुढे सरकत गेली. शेवटी टकळी एकतीस गुणांनी मागे, आणि हातात क्यू आणि झेड अशी दोन अवघड जागेची दुखणी. टकळीनं डोळे मिटले. उघडले. मग एकेक करून सहा ठोकळे मांडले आणि हनुवटी वर करून बसली.

क्वेझिक.

लादीचा हात टेबलावरून उचलला गेला. अर्ध्यावर थांबला. तिनं टकळीकडे बघितलं. टकळीनं जांभई दिली. हात खाली गेला.

चौघींनी सभागृह डोक्यावर घेतलं.

घरी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. तिच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती. समोर माळ्यावरून काढलेली मोठी बॅग, घासूनपुसून लख्ख. "म्हटलं, जिंकलीस तर ऐनवेळी पळापळ नको," आई डोळे पुसत म्हणाली.

खिडकीपाशी बाबा कोरंकरकरीत अभ्यासाचं टेबल जोडत होते. "ये पिल्लू! हार-जीत चालायचीच. हे बघ, तुझ्यासाठी. चांगलं दोन वर्षं पुरेल."

"जिंकले," टकळी म्हणाली. "शेवटच्या चालीवर. तुमचा शब्द, बाबा. क्वेझिक."

बाबांच्या हातातला पेचकस फरशीवर पडला.

"तिनं हरकत नाही घेतली?"

आईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "हरकत कशाला घेईल? तुम्हीच दिलेला ना शब्द?"

टकळीनं दप्तरातून वही काढली, शेवटचं पान उघडून नव्या टेबलावर ठेवली. बाबांच्याच लाल पेन्सिलीनं, ते मुद्रितात मारतात तशाच, अकरा शब्दांवर तिनं मारलेल्या अकरा फुल्या होत्या. खाली 'यादीत नाहीत' असा शेरा, वाचनालयाचा शिक्का आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

"टेबल परत करा, बाबा," ती म्हणाली. "सोमवारी मी निघतेय."