दारातला चाफा

ऑर्किडची काडी तिने नाकाशी नेली आणि परत बादलीत ठेवली. जर्बेराचंही तेच. लग्नाचे मांडव फुलांनी सजवण्यात माझे केस पिकले, पण अशी नवरी पाहिली नव्हती.

"मॅडम, फोटोत वास येत नाही," मी वैतागून म्हणालो.

"फोटोसाठी नकोतच. बाबांना दिसत नाही. कन्यादानाला कुणाचा हात न धरता बोहल्यापर्यंत येईन म्हणतात. फाटकाशी मोगरा लावा, वाटेवर दोन्हीकडे निशिगंध, आणि बोहल्यावर सोनचाफा."

"अहो, चाफा दुपारपर्यंत काळवंडतो."

"काळवंडू दे. आमच्या दारात चाफाच आहे. त्या वासावर ते घर ओळखतात."

लग्नाच्या दिवशी फाटकाशीच त्यांनी पांढरी काठी घडी करून खिशात घातली. मोगऱ्यापाशी जरा हसले. निशिगंधामधून सावकाश, पण सरळ चालत आले. चाफ्याच्या वासापाशी मात्र थबकले, आणि सवयीने त्यांचा हात दाराची कडी चाचपायला पुढे झाला.

कडीच्या जागी त्यांना लेकीचा हात सापडला.