शनिवारचा स्वेटर

राष्ट्रगीत सुरू झालं आणि पळण्यासाठी उचललेला पाय कावफांगला तसाच खाली ठेवावा लागला.

संध्याकाळचे सहा. घराजवळच्या पुन्नविथी स्थानकातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. जिन्यावरची जिन्यावर, फाटकापाशी कार्ड पुढे केलेली तशीच. दिवसभराचा बेत कावफांगने मिनिटामिनिटाने आखला होता. बँकॉकमध्ये जन्मापासून रोज सहाला जे गाणं ऐकलं, तेवढंच नेमकं विसरली होती. आणि आता सात-आठ पावलांवर, समोरच्या फलाटाच्या जिन्यापाशी, तिची आई उभी होती. नजरेला नजर भिडली. हलता एकीलाही येईना.

कावफांग पंधरा वर्षांची होती आणि गेल्या महिन्यापासून स्वतःला फारच मोठी समजत होती. कारण महिन्यापूर्वी बाबांनी तिला रस्त्यावर, खांबांवरून धावणाऱ्या या वरच्या गाडीचं कार्ड दिलं होतं. अट एकच: घरून गणिताच्या वर्गाला, वर्गातून घरी, मध्ये कुठेही उतरायचं नाही. अट मोडली की कार्ड जप्त, आणि पुन्हा बाबांच्या भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलवर मागे बसून वर्गाला जायचं. बाबांच्या धंद्याच्या नारंगी जाकिटाची तिला लाज नव्हती. पण वर्गाच्या दारात उतरवताना बाबा ‘डबा संपव गं’ असं ओरडत, आणि तिथे मुलगे उभे असत.

आज तिने सरांना पोटदुखीचा निरोप पाठवला आणि सरळ उलट्या दिशेची गाडी पकडली. शहर धुंडाळायला निघालेली आपण घराण्यातली पहिलीच, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. आई तर या गाडीचं नाव काढलं तरी कपाळ धरायची. एवढ्या उंचावर मला भोवळ येते, म्हणायची. आईचं शिवणाचं दुकान पत्र्याचं, रुळांच्या खांबाला टेकलेलं. आठवड्याचे सहा दिवस ती तिथे वाकून लोकांच्या पँटी आखूड करायची आणि शनिवारी दुपारी देवळात ध्यानाला जायची. परत यायची तेव्हा हात गार आणि चेहरा टवटवीत. ध्यानाने माणूस आतून थंड होतो, असं बाबा स्टँडवरच्या मित्रांना अभिमानाने सांगत.

कावफांगला मात्र शोध बेताचेच लागले. पहिला असा, की डब्यात थंडी हाडं गोठवणारी असते. पातळ टीशर्टमध्ये तिचे दात वाजत होते. दुसरा असा, की शेवटच्या स्थानकावर, खेहाला, नक्की काय बघायचं ते आपल्याला कळत नाही. म्हणून तिने येता-जाता स्वतःचेच सत्तेचाळीस फोटो काढले. पंचेचाळिसांत नाक लाल आलं. तरी वहीत लिहिलंच: ‘शहराचं टोक गाठलं.’

राष्ट्रगीत निम्मं झालं. सरांनी फोन केला असणार, कावफांगच्या मनात आलं. भोवळ येणारी आपली आई, केवळ आपल्याला धरायला एवढे जिने चढून वर आली. आईच्या एका हातात कार्ड होतं. दुसऱ्या हातावर घडी घातलेला स्वेटर. बाहेर एप्रिलच्या उन्हाने डांबर मऊ पडलं होतं आणि आईने स्वेटर घेतला होता. तिला ताप असणार. तापातसुद्धा आली. कावफांगचे डोळे भरले. गाणं संपायच्या आत तिने ठरवलं, सगळं कबूल करायचं. कार्डही आपणहून द्यायचं.

गाणं संपलं. गर्दी पुन्हा वाहू लागली. कावफांग पुढे झाली आणि तिने हात जोडले.

“आई, चुकले मी. माझं पोट दुखत नव्हतं.”

आईने आधी बाहेरच्या जिन्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “कुठवर गेली होतीस?”

“खेहा. अगदी शेवटपर्यंत.” एवढ्या भीतीतही आवाजात थोडा रुबाब आलाच.

“मग तीन तोंडांचा हत्ती कसा वाटला?”

“कुठला हत्ती?”

आईने तिच्याकडे अशा कीवेने बघितलं, जसं गणिताचे पेपर आले तेव्हाही बघितलं नव्हतं. “अगं, इमारतीएवढा हत्ती गाडीतून दिसतो. डोळे कुठे होते तुझे?”

डोळे फोनमध्ये होते, स्वतःच्या नाकावर. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

“ऊन उतरलं की पाठ काय लखलखते त्याची,” आई बोलून गेली.

कावफांगने आईच्या हातातल्या कार्डाकडे आता नीट बघितलं. कोपरे झिजून पांढरे पडले होते, वरचं चित्र पार पुसलं होतं. तिचं स्वतःचं कार्ड कोरं करकरीत होतं. तिने आईचा हात धरला. गारेगार.

“आणि भोवळ?” तिने विचारलं.

“सहा दिवस माझ्या डोक्यावरून ही गाडी धडधडत जाते. म्हटलं, एक दिवस आपण वरून जावं.”

खाली रस्त्यावर, जिन्याच्या तोंडाशी, नारंगी जाकीट दिसत होतं. बाबा लेकीला स्थानकावरून घरी न्यायला आले होते. आईने स्वेटर घाईघाईने पिशवीत कोंबला आणि कावफांगला फाटकाकडे ढकललं.

“पुढच्या शनिवारी वर्ग बुडवायचा नाही. सुटल्यावर ये, तिसऱ्या डब्यात. आणि अंगावर काहीतरी घाल, बये.”

“आणि आता?”

“आता तू आधी उतर. मी अजून देवळातच आहे.”