तीन घोट

टेबलावर पाण्याचे दोन बुटके ग्लास होते, अगदी सारखे. शेजारी एक उंच, निमुळता ग्लास, रिकामा. खुर्च्या पाच वर्षांच्या माणसांसाठी केलेल्या होत्या, त्यामुळे शाळाप्रवेशाची तपासणी घेणाऱ्या बाईंचे गुडघे सकाळपासून त्यांच्या हनुवटीशी गप्पा मारत होते. समोर बसलेली मुलगी आजची सतरावी. घरात तिला गुंडी म्हणत.

“दोन्हींत पाणी सारखंच आहे ना गं?”

गुंडीने वाकून, एक डोळा मिटून पाहिले. “हो.”

बाईंनी एका ग्लासातले पाणी उंच ग्लासात ओतले आणि रिकामा ग्लास बाजूला ठेवला. आता प्रश्न विचारायचा, तोच त्यांना ठसका लागला. सोळा मुलांना तेच ते विचारून घशाला कोरड पडली होती. हात आपोआप पुढे गेला, उरलेला बुटका ग्लास तोंडाला लागला, तीन घोट पोटात गेले आणि ग्लास जागेवर आला. बाईंच्या ध्यानीमनीही नव्हते.

“आता सांग, कुठल्या ग्लासात जास्त पाणी?”

बालमानसशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे या प्रश्नाला पाच वर्षांचे मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवते. भांडे बदलले म्हणून पाणी बदलत नाही, हे त्याला सातव्या वर्षाच्या आसपास, आपल्या सवडीने कळते. शाळेला मात्र ते पाचव्या वर्षीच कळलेले हवे होते, आणि ही गोष्ट गावभरच्या आयांना ठाऊक झाली होती. म्हणून फॉर्मवर पहिला रकाना प्रवेशाचा, दुसरा नकाराचा, आणि हल्ली एक तिसराही होता: ‘पढवलेले. पुढच्या वर्षी यावे.’ आज तो अकरा वेळा भरला होता.

गुंडीच्या मागे, भिंतीला लागून, तिची आई बसली होती. नियमच तसा: मुलाला पालकाचे तोंड दिसता कामा नये. बाईंना मात्र ते दिसत होते. आईची नजर मांडीवरच्या पिशवीवर होती आणि ओठ हलत होते, परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर उजळणी करणाऱ्यांचे हलतात तसे. आत येतानाच तिने सांगून टाकले होते, “सोमवारी कामावर हजर व्हायचंय हो बाई. वर्षभर वाट पाहून मिळालंय. हिला इथे घेतलं नाही तर ठेवू कुठे? घरात दुसरं कोणी नाही.” आणि मग, आपण जास्त बोललो असे वाटून, “तशी हुशार आहे.”

गुंडीने उंच ग्लास पाहिला. बुटका पाहिला. मग बाईंच्या ओल्या ओठांकडे पाहिले.

“दोन्हींत सारखं,” ती म्हणाली.

“कसं काय?”

“भांडं बदललं म्हणून पाणी कमी होत नाही आणि जास्तही होत नाही.” एका दमात, पाढ्याच्या चालीवर.

मागे आईने डोळे मिटून श्वास सोडला.

म्हणजे बारा झाले. बाईंनी पेन तिसऱ्या रकान्यावर नेले. राग येण्याची त्यांची वर्षे सरली होती. सवयीने ग्लासांकडे एक नजर टाकली आणि पेन थांबले. बुटका ग्लास निम्मा रिकामा होता.

त्या पुढे वाकल्या. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

“गुंडे,” त्या हळूच म्हणाल्या, “यात कमी आहे ना?”

“हो. तुम्ही प्यायलात ना.” गुंडीचाही आवाज खाली आला. “तीन घोट.”

“मग सारखं का म्हणालीस?”

गुंडीने मागे वळून पाहिले नाही. नियम तिलाही सांगितलेला होता.

“आईला सारखं हवंय,” ती कुजबुजली. “मी चुकले की ती भांडी घासत बसते. घासलेलीच.”

बाईंनी पेन तिसऱ्या रकान्यावरून उचलले. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे मुलाला ओळखता येऊ लागते, ही पायरीही त्याच पुस्तकात होती, चौथ्या-पाचव्या वर्षाची. काहींना ती साठीतही गाठता येत नाही, त्यातला एक नमुना बाईंच्या घरीच पेपर वाचत बसलेला असे. पण फॉर्मवर या पायरीसाठी रकाना नव्हता. छापताना कोणाला सुचले नसावे.

नियमाप्रमाणे चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. बाईंनी पहिल्या रकान्यात खूण केली, सही केली, आणि बुटक्या ग्लासातले उरलेले पाणी पिऊन टाकले.

“घेतलं हिला,” त्या आईला म्हणाल्या. “सोमवारी साडेआठला आणा.”

आई उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. “बरोबर आलं ना तिचं?”

“फॉर्मवर बरोबर आहे.”

दाराशी पोचेपर्यंत आईच्या अंगात जोर आला. “बघ, पाठ करून घेतलं म्हणून जमलं. काल कशी भोकाड पसरून बसली होतीस? आता पटलं ना, आईला कळतं ते?”

“हो आई,” गुंडी म्हणाली.

आणि बाहेर पडताना तिने मान वळवून बाईंकडे पाहिले. लहान मुलाच्या डोक्यावरून दोन मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात, तसे.