शंभराच्या वरची हवा

तुलसाबाईने सुपातला भुसा नेमका यंत्राच्या तोंडासमोर उधळला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून खाली डोकावली. चंद्रशेखर अंगणात चहा पीत होता. त्याने वर पाहिलं, मग बशीत पाहिलं.

नागपूरहून आलेला हा चष्मेवाला गृहस्थ हवेतली धूळ मोजायचा. तुलसाबाईच्या स्लॅबवर त्याचं यंत्र रात्रंदिवस घुमत होतं. हवा आत ओढायचं आणि धूळ पांढऱ्या कागदावर बसवायचं. गावाशेजारच्या डोंगरीवर लोखंडाच्या दगडाची खाण येणार होती, म्हणून ही तपासणी. हवेत किती धूळ चालते याचं सरकारी माप शंभर, हेही त्यानेच सांगितलं होतं.

"अन् शंभराच्या वर गेली त?" तुलसाबाईने विचारलं होतं.

"मग कंपनीला उत्तरं द्यावी लागतात," तो म्हणाला.

गावाला एवढं पुरे होतं. हवा आधीच खराब निघाली, तर तिच्यात आणखी खाण कोण घालू देईल?

तुलसाबाईचा जीव यात अडकला होता. तिचा नवरा दुधराम वीस वर्षं गिट्टीच्या क्रशरवर राबून दगडाची भुकटी छातीत भरून आला होता. शेजारी कोणी झाडलं तरी त्याला धाप लागायची. आता धूळ म्हणजे विषच, असं डॉक्टरने बजावलं होतं. खाण आली तर आपला माणूस जातो, हे ती कोणालाही तोंडावर सांगे. यंत्र असेपर्यंत तिने त्याला कामठ्याला लेकीकडे धाडलं.

मग सरपंच झामसिंगने धानाची मळणी तिच्याच घरामागे मांडली. कापलेल्या धानाच्या ढिगाभोवती, पुंजण्याभोवती, ट्रॅक्टर गरगर फिरले. बायांनी सडासारवण बंद ठेवलं आणि कोरड्या अंगणात खराटे ओढले. पाहुणा दारात आणि अंगण असं, याची त्यांना लाज वाटत होती.

"साहेब काहीच बोलून नाही राहिला," झामसिंग हळूच म्हणाला.

"बोलन कायले? आपल्याच बाजूचा आहे तो," तुलसाबाई म्हणाली.

महिन्याने यंत्र उतरलं. चंद्रशेखरने एक कागद पुढे केला. यंत्राशी कोणी छेडछाड केली नाही, गावात हवा रोजच्यासारखीच होती, असं त्यावर लिहिलं होतं. झामसिंगने सही केली. तुलसाबाईनेही मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि चंद्रशेखरच्या पिशवीत नव्या धानाचे पोहे घातले. आठवड्याने आकडा कळला, तीनशे दहा. त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले.

खाण तरीही आली. रस्त्यावर पाणी मारू, ट्रक ताडपत्रीने झाकू, अशा अटी लिहून घेऊन परवानगी मिळाली म्हणे. पाण्याचा टँकर तपासणीला कोणी साहेब येणार त्याच दिवशी दिसायचा. दुधरामला आता आडवं होता येईना. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचा. त्याची छाती वाजू लागली की तुलसाबाईला स्वतःचाच श्वास नकोसा व्हायचा.

दोन वर्षं तिने अर्ज केले. शेवटी यंत्र परत आलं, त्याच स्लॅबवर. या खेपेला तिने सुपाला हात लावला नाही. सडा घातला, सारवलं, तरी खाणीच्या मातीने कागद लाल झाला. आकडा निघाला दोनशे साठ.

गोंदियाला सुनावणीला ती दुधरामला घेऊनच गेली. दर दोन पायऱ्यांवर तो थांबत होता.

"शंभर पाह्यजे न मॅडम? दोनशे साठ आहे," ती म्हणाली. "आता त खाण बंद करा. मानूस मरून राहिला माहा."

रश्मी मॅडम तरुण अधिकारी होत्या, मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल उलटी करून जुना कागद तिच्यासमोर सरकवला.

"ही सही तुमची?"

"हो जी. माहीच आहे."

दुधरामला खोकल्याची उबळ आली. मॅडमनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं, उबळ बसेपर्यंत थांबल्या, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, खाण आल्यापासून तुमच्या गावातली धूळ पन्नासने कमी झाली आहे."