बारा महिन्यांचा बिल्ला

तिनं बिल्ल्याची पिन अर्धी उघडली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"राहू दे. लाव परत."

आवाज हेडमास्तरांचा. तसे ते दुकानाचे व्यवस्थापक. पण कपाळावर कायमची आठी आणि खिशाला लाल पेन, म्हणून सगळं दुकान त्यांना पाठीमागे हेडमास्तर म्हणायचं. कॉलेजच्या अभ्यासक्रमात तिला वर्षभर या मोठ्या दुकानात काम करायचं होतं, 'शिकाऊ' असा पिवळा बिल्ला लावून. तीन महिने झाले की व्यवस्थापकाला तो काढता येतो, आणि आज तिचे तीन महिने झाले होते. दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीचा त्याच दिवशी निघाला आणि तिनं लगेच फोटोही पाठवला. हिनं मुकाट्यानं पिन बंद केली.

सहाव्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. "बघू," हेडमास्तर म्हणाले. नवव्या महिन्यात "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत. गिऱ्हाईक बिल्ला वाचायचं आणि विचारायचं, "कोणी मोठं नाही का?" घरी धाकटा भाऊ दार उघडतानाच ओरडायचा, "बाजूला व्हा, शिकाऊ आली!" बाबा एवढंच विचारायचे, "निघाला का गं?" आणि ताटात बघून जेवायला लागायचे. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यामुळे हे वर्ष संपताना तिला इथंच कायमची नोकरी मिळणं किती गरजेचं आहे, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

शिकवायचे मात्र हेडमास्तर जीव तोडून. एकदा त्यांनी तिला साबणांच्या फळीपाशी तासभर नुसतं उभं केलं. "गिऱ्हाईक काय घेतं ते कोणीही बघेल," ते म्हणाले. "काय उचलून परत ठेवतं, ते बघ." तेवढ्या एका तासात ती जे शिकली, ते कॉलेजच्या दोन वर्षांत शिकली नव्हती. पण कौतुकाचा शब्द? नाव नको. आणि बिल्ला काही निघेना.

का निघत नाही, ते तिला मनातून माहीत होतं. पाचव्या महिन्यात तिनं फरशी पुसायचे चाळीस मॉप मागवले आणि आकडा 'नग' सोडून 'खोकी' या रकान्यात लिहिला. एका खोक्यात बारा. चारशे ऐंशी मॉप आले. आठवडाभर दुकानात वाट काढत चालावं लागलं. आठव्या महिन्यात शीतगृहाचं दार तिच्याकडून उघडं राहिलं आणि आइस्क्रीमचं पाणी झालं. प्रत्येक वेळी हेडमास्तर तिला समोर उभं करायचे, काय चुकलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्यायचे, मग खणातून चुकांची वही काढून लाल पेनानं लिहायचे. वही परत खणात, खणाला कुलूप.

वर्ष संपलं की त्या वहीतल्या प्रत्येकाच्या पानाची नक्कल मुख्य कार्यालयात जायची. पाचपेक्षा जास्त चुका असल्या तर नोकरी विसरायची. तिनं आपल्या मोजल्या होत्या. चौदा.

"आमच्या साहेबांच्या हाताखालची पोरं कुठल्या कुठे गेली," शीतगृहाचे काका एकदा म्हणाले. "हे आपले जिथल्या तिथे. दरवर्षी बढती हुकते बघ."

"स्वभाव नडत असेल," ती म्हणाली. तिला वाईट वगैरे काही वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी हेडमास्तरांनी वही तिच्यापुढे उघडून ठेवली. "वाच आणि सही कर," म्हणाले आणि मालाच्या यादीत डोकं घातलं.

पानावर तिचं नाव होतं. खाली काही नव्हतं. एक ओळही नाही.

किल्ल्या ठेवायला आलेल्या काउंटरवरच्या ताईंनीही ते पाहिलं. "कर की सही," त्या कानाशी पुटपुटल्या. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिनं पेन उचललं. तिला बाबांचं ताटात बघणं आठवलं. साबणांची फळीही आठवली. तिनं पेन खाली ठेवलं.

"सर, माझ्या चुका लिहायच्या राहिल्यात. मॉप. आइस्क्रीम. अजून बारा आहेत."

"पंधरा आहेत," हेडमास्तर मान वर न करता म्हणाले. "मागचं पान बघ."

तिनं पान उलटलं. वर हेडमास्तरांचं नाव होतं. खाली लाल अक्षरात तारखेसह मॉप होते, आइस्क्रीम होतं, तिनं स्वतः विसरलेली पंधरावी चूकही होती. त्याच्या मागचं पान गेल्या वर्षीच्या शिकाऊच्या चुकांचं, तेही त्यांच्याच नावावर. त्याच्याही मागचं तसंच. बढती का हुकते, ते काकांना माहीत नव्हतं. तिला आत्ता कळलं. वर्षभर ज्याला ती मनातल्या मनात बोल लावत आली होती, त्या आठी पडलेल्या कपाळाकडे तिला बघवेना.

"नियमच आहे," ते म्हणाले. "बिल्ला आहे तोवर चूक शिकवणाऱ्याची."

मग त्यांनी हात पुढे केला. बारा महिने जो बिल्ला काढायला ती तडफडत होती, त्याची पिन आता तिच्याकडून उघडेना.

"काढ आता. सोमवारी नवी मुलगी येतेय, तुझ्या हाताखाली. तिला किती महिने लावायचा, ते तू ठरव. पान तुझं आहे."